वाकळीचं पुस्तक

एका म्हाताऱ्या बाईचं अंथरूण मी फाडलं आणि त्याचं पुस्तक केलं. चोरलं नाही. बदल्यात कोरी चादर दिली, चांगली जाड, मोराच्या नक्षीची. हे स्पष्टीकरण मी आजवर बऱ्याच जणांना दिलं आहे आणि एकालाही ते पटलेलं नाही. बायकोला तर मुळीच नाही. म्हणून जे झालं ते क्रमानं लिहून काढतो.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे, खाली स्कूटर आहे, दोन वेळचं नीट आहे. एवढं असून माझ्या स्वभावात एक खोट आहे. मला कशाचाही अपराध वाटतो. रिक्षावाला पाच मिनिटं थांबला तर मी त्याची माफी मागतो. भाजीवालीशी घासाघीस करत नाही; मग बायको दुसऱ्या दिवशी जाऊन माझ्या वाटणीची घासाघीस करून येते. थंडीत गीझर लावला की ज्यांच्याकडे गीझर नाही त्यांची आठवण येते. गीझर मात्र मी बंद करत नाही. नुसती आठवण काढत अंघोळ करतो. बायको म्हणते, "अहो, तुम्हाला वाईट वाटल्यानं कुणाचं पाणी तापत नाही. लवकर बाहेर या."

दोन-तीन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत मी हातानं पुस्तकं करण्याच्या एका शिबिराला गेलो. तिथले शिकवणारे म्हणाले, पुस्तकात मजकूर असलाच पाहिजे असं नाही. पुस्तक ज्या वस्तूचं केलंय ती वस्तूच बोलते. हे वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं. बाकीच्यांनी पिंपळाची पानं, साड्यांचे काठ, घरातली जुनी पत्रं घेऊन फार सुंदर पुस्तकं केली. मला वाटलं, आपण गरिबीवर करावं. गरिबीसाठी मी दुसरं काहीच करत नव्हतो. निदान पुस्तक तरी व्हावं.

पहिलं पुस्तक केलं खोक्यांच्या पुठ्ठ्याचं. रस्त्यावर लोक पुठ्ठा अंथरून झोपतात, म्हणून. ते बरं झालं. दुसरं केलं कडक भाकरीचं. आपल्याकडची कडक भाकरी महिनोन्‌महिने टिकते, पापडासारखी वाजते, तेव्हा भुकेवरच्या पुस्तकाला याहून चांगला कागद कुठला, असं मला वाटलं. बारा भाकऱ्यांना कडेला बारीक ड्रिलनं भोकं पाडली, सुतळीनं ओवल्या आणि तापलेल्या सळईनं प्रत्येकीवर एकेक शब्द डागला. पुस्तक स्वयंपाकघरातल्या फळीवर वाळत ठेवलं होतं. तेवढ्यात मेहुणा आला. मी शाळेत होतो, बायको खाली दुधाला गेली होती. त्यानं शेंगाचटणी शोधून काढली आणि दोन पानं खाल्ली.

"दाजी, भाकरी झकास आहे," तो मला संध्याकाळी म्हणाला, "पण भोकं कशाला पाडलीत? आणि काहीतरी करपलंय."

त्यानं 'उपास' लिहिलेलं पान पूर्ण संपवलं होतं आणि 'उद्या'चं अर्धं. मी रात्रभर तळमळत राहिलो: भुकेवरचं पुस्तक भुकेल्या माणसानं खाल्लं तर त्यात वाईट काय, आणि मेहुणा खरंच भुकेला होता का, सकाळी तर त्यानं पोहे खाल्ले होते.

साहित्य मी आणायचो शुक्रवार पेठेतल्या एका रद्दीवाल्याकडून. दर रविवारी सकाळी स्कूटर घेऊन जायचो आणि त्याच्या ढिगात पुठ्ठे, पोती, गोणपाटं निवडत बसायचो. रद्दीवाला दखनीत बोलायचा आणि माझ्या कलेकडे धंद्याच्या नजरेनं बघायचा.

"आओ सर," तो म्हणायचा, "आज कौनसी गरीबी होना? खोके की, के पोते की?"

त्याच्याकडे एक म्हातारी कागद निवडायला बसायची. कागद वेगळा, पुठ्ठा वेगळा, प्लास्टिक वेगळं. शेजारचं दुकान कित्येक वर्षं बंद होतं आणि त्याच्या शटरसमोरची पायरी हे तिचं घर होतं. ती मूळची वळसंगच्या बाजूची. तशी मराठी बोलायची, पण राग आला की कानडीत शिरायची. घर कसं सुटलं म्हणून मी एकदा हळूच विचारलं, तर म्हणाली, "भांडून आले." कुणाशी, असं विचारल्यावर म्हणाली, "सगळ्यांशी." पुढं विचारायचं माझं धाडस झालं नाही.

तिची वाकळ मी पहिल्यांदा नीट पाहिली ती दिवाळीनंतरच्या एका रविवारी. ती पायरीवर वाकळीची घडी घालत होती आणि घडीच्या कडेतून आतले थर दिसत होते. सगळ्यात खाली फ्लेक्सचा बोर्ड, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा, हात जोडलेले, गॉगल लावलेला. त्यावर खताचं पोतं. त्यावर जुन्या पँटा, शाळेचा निळा गणवेश, कुणाचा तरी परकर. वर दोन लुगड्यांचे तुकडे आणि या सगळ्यातून आरपार जाणारा धावदोरा, मुंग्यांच्या रांगेसारखा. मी बघतच राहिलो. मी दोन वर्षं जे करायची धडपड करत होतो ते इथं तयार होतं. फक्त कापून बांधायचा अवकाश.

"बोर्ड खाली का लावलाय मावशी?" मी विचारलं.

"ह्यो व्हय? ह्यो लई गुनाचा हाय," ती बोर्डावरच्या चेहऱ्यावर थाप मारून म्हणाली. "खालचं पानी वर येऊ देत न्हाय."

मी उकिडवा बसलो. "मावशी, ही वाकळ मला द्याल?"

तिनं माझ्या चपलेपासून टकलापर्यंत बघितलं. "तुमाला?"

"हो. मलाच पाहिजे."

"कशाला?"

इथं मी खरं सांगायला हवं होतं. पण पायरीवर बसलेल्या बाईला, तुमच्या अंथरुणाचं पुस्तक करून लोकांना दाखवणार आहे, असं कोणत्या तोंडानं सांगायचं? मी मान खाली घालून म्हटलं, "लागतीय जरा."

तिनं अर्धवट राहिलेली घडी पुरी केली. मग म्हणाली, "बगू."

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मी चादर घेऊन गेलो. आमच्या घरी चादरींना तोटा नाही. सोलापुरात कुणाचं काहीही झालं, सेवेची पंचवीस वर्षं झाली, मुलगा दहावी पास झाला, गणपतीच्या देखाव्याला बक्षीस मिळालं, की चादर आणि नारळ. नारळ संपतात, चादरी साठत जातात. माझ्या सत्काराच्या दोन चादरी अजून प्लास्टिकच्या पिशवीतच होत्या. त्यातली एक तिला दिली. तिनं बोटांनी चादरीचा पोत बघितला, "चांगली हाय की," म्हणाली, आणि घडी घातलेली वाकळ माझ्या हातात ठेवून वरून दोनदा थोपटली.

"झाडून दिल्या. उवा न्हाईत. संबाळून वापरा, मास्तर."

मला वाटलं, ही तिची बोलायची रीत.

घरी आल्यावर बायकोनं वाकळ उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. गच्चीवर ऊन दाखवून, झटकून, पुन्हा ऊन दाखवून झाल्यावर ती मागच्या गॅलरीपर्यंत आली. तिथं बसून मी तिचे सहा तुकडे केले. एकेक तुकडा म्हणजे एकेक पान, सगळ्या थरांसकट. पानं चौकोनी यावीत म्हणून प्रत्येकाच्या चारही कडा दोन-दोन बोटं छाटल्या आणि त्या चिंध्या घंटागाडीत टाकल्या. मग दाभण आणि जाड दोरा घेऊन पाठ बांधली. आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी शुक्रवार पेठेतून गेलोच नाही. काम पुरं होईपर्यंत तिची गाठ पडू नये असं मला वाटत होतं. का वाटत होतं ते मी त्या वेळी स्वतःला विचारलं नाही.

बायको एकदा गॅलरीत डोकावली. "ती बाई आता कशावर झोपते?"

"चादर दिलीय ना."

"कशावर म्हणाले मी. काय पांघरून नाही विचारलं."

मी दाभणात दोरा ओवत राहिलो.

आमच्या कलामंडळाचं प्रदर्शन गुरुवारी सुरू होऊन रविवारी संपणार होतं. माझ्या पुस्तकाला सभागृहाच्या मधोमध स्वतंत्र टेबल मिळालं. नाव दिलं 'अंथरूण'. शेजारी पांढरे हातमोजे ठेवले, शाळेच्या संचलनाचे, आणि पाटी लावली: 'कृपया हातमोजे घालून पाने उलटावीत.' मंडळाचे अध्यक्ष बुधवारीच येऊन बघून गेले. त्यांना पुस्तक इतकं आवडलं की त्यांचे डोळे भरून आले. रविवारी पुण्याहून कुणी मोठे जाणकार पाहुणे येणार होते, चांगली कामं निवडून पुढच्या मोठ्या प्रदर्शनाला नेणार होते. "सर, तुमचं नक्की," अध्यक्ष म्हणाले. "पुण्याच्या लोकांना असली गरिबी बघायला मिळत नाही."

गुरुवारी सकाळी टेबलाखाली लावायला पुठ्ठा कमी पडला म्हणून मी रद्दीवाल्याकडे गेलो. त्याच आठवड्यात थंडी पडली होती. सोलापूरची थंडी पंधरा दिवसांचीच, पण येते तेव्हा वर्षभराचा राग काढते. म्हातारी पायरीवर बसली होती. अंगाभोवती पोतं. डोळे लाल.

"मावशी, चादर कुठाय?"

"गेली."

"गेली म्हणजे?"

"पैल्या रातीला काकंत धरून बसले. झोप न्हाय. दुसऱ्या रातीला डोळा लागला, का गेली." ती माझ्यावर चिडली नव्हती, मला समजावून सांगत होती. "नवी चादर घिऊन भाईर कोन झोपतंय मास्तर? मोर काडल्यालं. लांबनं दिसतंय. वाकळीला कोन हात लावत न्हवतं. कुत्रं बी हुंगून जायचं. आन्‌ पोलीस इचारतोय, म्हातारे, ही कुटनं उचललीस? मास्तरनं दिली म्हनलं तर हसतोय." मग ती जरा पुढं झुकली. "माजी वाकळ द्या की. तुमचं काम झालं आसंल."

मी म्हणालो, "मावशी, ती प्रदर्शनात आहे. रविवारी देतो."

हे वाक्य मी उच्चारलं आहे. त्यात गुरुवार, शुक्रवार, शनिवार अशा तीन रात्री होत्या हे मला तेव्हाच ठाऊक होतं. तशीच स्कूटर वळवून मी घरी गेलो, सत्काराची दुसरी चादर काढली आणि तिला नेऊन दिली. ती "ब्याडा, ब्याडा," म्हणत होती, म्हणजे कानडीत नको नको; पण मी तिच्या मांडीवर ठेवून पळालो.

शुक्रवारी सकाळी पाहिलं तर ती पुन्हा पोत्यातच. चादर रद्दीवाल्याच्या लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवली होती.

"ही बी गेली तर तुमी तिसरी आनून देशीला," ती म्हणाली.

"अहो, पण पांघरायला दिलीय ना ती!"

"पांगरून काय करू? थंडी वरनं येत न्हाय मास्तर. खालनं येती."

मी दोन वर्षं वस्तू काय बोलतात ते ऐकायचा प्रयत्न करत होतो आणि फ्लेक्सचा बोर्ड खाली का असतो, हे तिनं स्वतः थाप मारून मला सांगितलं होतं.

त्या दुपारी घरी जेवताना मी बायकोला सगळं सांगितलं आणि म्हटलं, "दोन रात्री तिला आपल्याकडे आणलं तर?" माझा अंदाज होता की ती नाही म्हणेल, मग मला आणखी वाईट वाटेल, आणि विषय संपेल. ती म्हणाली, "आणा की. हॉलमध्ये गादी घालते."

मी गडबडलो. "पण सोसायटीत कुणी काही..."

"सोसायटीचं मी बघते."

"ती यायची नाही बहुतेक."

"विचारलंत?"

विचारायला जावं लागलं. म्हातारी म्हणाली, "तुमच्यात? नगं बाबा. मी दोन दिस गेले का पायरीवर दुसरं कोन तरी येऊन बसतंय. मग भांडून घ्यावी लागंल." आणि वर, "आदीच तुमची अडचन हाय," असंही म्हणाली. कसली अडचण ते मला कळलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, हे मात्र खरं आहे आणि ते लिहायला नको वाटतं.

शनिवारी सकाळी अकरा-साडेअकराला सभागृहात चांगली गर्दी होती. दारात रद्दीवाल्याचा टेम्पो थांबला आणि त्यातून म्हातारी उतरली. रद्दीवाला मागोमाग.

"सर, इसकू पाच-छे दिन से नींद नै," तो म्हणाला. "मेरे गोदाम में बैठे बैठे सो रई. कल पुठ्ठा प्लास्टिक में डाल दी. मेरा धंदा खराब हो रा."

मी काही म्हणायच्या आत अध्यक्ष पुढं आले. "ह्याच का त्या?" त्यांनी मला विचारलं, आणि मी मान हलवताच त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी टाळी वाजवून सभागृह शांत केलं. ज्यांच्या जीवनातून ही कलाकृती जन्मली त्या माउली आज आपल्यात आहेत, असं म्हणाले. अध्यक्षांच्या गाडीच्या डिकीत दोन चादरी आणि दोन नारळ कायम असतात. पाच मिनिटांत म्हातारीच्या खांद्यावर तिसरी चादर पडली. हातात नारळ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फोटो निघाले.

म्हातारीनं चादरीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आनि येक," ती म्हणाली.

मग तिनं नारळ अध्यक्षांच्याच हातात परत दिला आणि विचारलं, "वाकळ कुटं हाय?"

मी तिला टेबलापाशी नेलं. पुस्तक मिटलेलं होतं, वर गॉगलवाला चेहरा. तिनं आधी ओळखलंच नाही. मग तिनं हात पुढं केला तसे अध्यक्षांनी अदबीनं हातमोजे पुढं केले. तिनं ते घातले, हात उलटे-पालटे करून बघितले. "पातळ हायत," म्हणाली. "थंडीचं न्हाईत." आणि पान उलटलं.

सगळी गर्दी भोवती गोळा झाली. ती एकेक पान बोटांनी चाचपत होती. "ही पँट रद्दीत आल्ती... ह्यो गनवेस कुनाच्या तरी लेकराचा, लई मऊ हुता... ह्यो माज्या धाकटीचा परकर." तो तिनं तळव्यानं सारखा केला. मग पाठीची शिवण बघून तिनं भुवया वर केल्या. "हे टाकं कुनी घातलं?"

"मी," मी म्हणालो.

"दिसतंयच." गर्दीत हशा झाला. "येक धुनं झालं की सुटंल. ब्लेड हाय का?"

लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. मोबाइल वर गेले. कुणीतरी कुजबुजून "काय कल्पना आहे!" म्हणालं. एका बाईंनी माझी बाही ओढून विचारलं, "सर, हे पुन्हा किती वाजता आहे? आमचे मिस्टर चारला येणार आहेत."

अध्यक्षांना मात्र खरं काय चाललंय ते समजलं. त्यांनी माझं कोपर धरलं. "सर, उद्या पुण्याचे पाहुणे. एक दिवसाचा प्रश्न आहे. त्यांना सांगा ना समजावून."

आणि मी समजावून सांगितलं. इतक्या लोकांसमोर, तिचे डोळे लाल दिसत असताना, मी म्हणालो, "मावशी, फक्त आजचा दिवस. उद्या संध्याकाळी मी स्वतः आणून देतो."

तिनं वाद घातला नाही. "बरं," म्हणाली, आणि हातमोज्यांची एकेक बोटं सोडवायला लागली. सोडवून त्यांची नीट घडी घातली. भांडून घर सोडलेली ही बाई. माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं.

रद्दीवाला मागून म्हणाला, "सर, रद्दी के धंदे में बी गलत माल आया तो जिसका उसकू वापस जाता. उसी दिन."

मी टेबलाच्या खणातून कटर काढला आणि तिला दिला. फार मोठं काही केलं नाही. हातच पुढं झाला. अध्यक्ष "सर! सर!" करत मागे सरले आणि मी आणि म्हातारी फरशीवर बसलो. माझी आठ दिवसांची शिवण तिनं दोन मिनिटांत उसवली.

सहा तुकडे जमिनीवर जोडून मांडले तेव्हा खरी अडचण दिसली. मी छाटलेल्या कडांनी वाकळ सगळीकडून आखडली होती. म्हातारीनं हातानं मापून बघितलं. लांबीला वीतभर कमी.

"पाय भाईर," ती म्हणाली. "कडा कुटं हायत?"

"टाकल्या."

"कशाला?"

"चौकोनी यावं म्हणून."

तिनं कानडीत काहीतरी म्हटलं. रद्दीवाला खो खो हसला आणि त्यानं मला ते सांगायचं नाकारलं.

मी खणातून दाभण आणि दोरा काढला, तेवढ्यात बायको माझा डबा घेऊन आली. फरशीवर पसरलेली वाकळ आणि भोवतालची गर्दी बघून तिनं एका नजरेत सगळं ओळखलं, पदर खोचला आणि दाभण माझ्या हातातून काढून घेतलं. आता दोन बायका शिवत होत्या आणि मी दोरा ओवून देत होतो.

"मग तुमी आता कशात झोपताय?" शिवता शिवता म्हातारीनं मला विचारलं.

"म्हणजे?"

"वाकळीचं तर तुकडं केलासा. घरात दुसरं काय हाय का न्हाय?"

मग हळूहळू उलगडत गेलं. दोन वर्षं दर रविवारी एक मास्तर येतो, स्कूटरवर खोकी बांधून नेतो, पोती नेतो, गोणपाट नेतो. हे ती पायरीवरून बघत होती. शाळा बंद पडली असेल, पगार थांबला असेल, असा तिनं हिशोब केला होता. "लई मास्तर आसं फिरत्यात," ती म्हणाली. "तुमी वाकळ मागिटली तवा मला वाटलं, आता ह्यांच्यात पांगराय बी न्हाय. लाजंनं मान वर करीनात. न्हाय कसं म्हनू?"

"मेरे कू बी बोलती थी," रद्दीवाला म्हणाला, "मास्तर कू सूखे खोके निकाल के रख. गीले मत दे."

म्हणजे तिनं वाकळ मला चादरीच्या बदल्यात दिलीच नव्हती. दान दिली होती. चादर माझं मन मोडू नये म्हणून ठेवून घेतली. बायको एवढी हसली की दाभण तिच्या बोटात गेलं. "सांगा की त्यांना," ती म्हणाली, "कुठं झोपता ते. गादीचं नाव पण सांगा."

मी सांगितलं. फ्लॅट, पगार, गादी, सगळं. गीझरसुद्धा. म्हातारीनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मग कशाला नेली?" तिनं विचारलं. खरंच जाणून घ्यायचं होतं तिला.

"लोकांना कळावं म्हणून. रस्त्यावर झोपणं काय असतं ते."

तिनं भोवतालच्या लोकांकडं एकदा बघितलं. "तेन्ला इचारायचं हुतं तर मी हुते की," ती म्हणाली, आणि तोंडानं दोरा तोडला.

वीतभर कमी पडलेल्या जागेवर तोडगा तिनंच काढला. खांद्यावरची सत्काराची चादर उतरवली, दुमडली आणि वाकळीच्या थरांच्या आत सरकवली, लुगड्याच्या खाली, पोत्याच्या वर. पायाकडं ती वीतभर बाहेर राहिली, तिथं वरून टेम्पोतलं फाटकं गोणपाट घातलं. रद्दीवाल्यानं टेम्पोतून फ्लेक्सचा एक तुकडा आणून खालून लावला, दंतमंजनाच्या जाहिरातीचा. अध्यक्ष जवळ येऊन हळूच म्हणाले, "अहो, सत्काराची चादर आत गेली. दिसत नाही."

"म्हनून तर घातली," म्हातारी म्हणाली. "आता कोन न्हेत न्हाय. लई ऊब दील."

मला एक कडा शिवायला दिली. ती तिनं दोनदा उसवायला लावली. तिसऱ्यांदा नुसतंच "चालंल," म्हणाली. पुण्याचे पाहुणे दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत, हे इथंच सांगून टाकतो, म्हणजे मी काही त्याग केला असं कुणाला वाटायला नको.

दोनच्या सुमाराला वाकळ पुरी झाली. मधलं टेबल आम्ही भिंतीला लावलं आणि वाकळ तिथंच अंथरली. माप बघायला म्हणून म्हातारी तिच्यावर आडवी झाली. पाय आत येतात का बघितलं. आले. कड ओढून घेतली, कुशीवर वळली आणि "बरी झाली," म्हणता म्हणता झोपली. बघता बघता घोरायला लागली.

अध्यक्षांनी विचारलं, काय करायचं? बायको म्हणाली, "काय करायचं म्हणजे? हळू बोलायचं."

रद्दीवाला गोदामाकडे गेला. बायको घरी गेली. मी तिथंच खुर्ची घेऊन बसलो. लोक येत होते, भिंतीवरची चित्रं बघत होते, मधल्या बाईला वळसा घालून जात होते. कुणी मोबाइल काढला की मी उठून हात आडवा धरायचो. एकाला तर मी बाहेर काढलं. आणि त्याला बाहेर काढून परत बसताना माझ्या लक्षात आलं की खिडकीतून आलेलं ऊन तिच्या पायांवरच्या धावदोऱ्यावर फार सुंदर पडलं आहे, आणि माझाच हात खिशाकडं गेला आहे. मी मोबाइल बंद केला आणि खुर्ची भिंतीकडं तोंड करून ठेवली.

साडेपाचला सभागृहाचा वॉचमन किल्ल्या वाजवत आला.

"सर, बंद करायचंय."

"दहा मिनिटं थांबता का?"

त्यानं फरशीवर बघितलं. तिचं घोरणं ऐकलं. आपल्याकडे थंडीतसुद्धा दुपारचा पंखा लागतो, तो अजून वर गरगरत होता. वॉचमननं किल्ल्या मुठीत धरल्या, पायांचा आवाज न करता भिंतीपाशी गेला, पंख्याचं बटण बंद केलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला.